झडप नसलेल्या विहिरी

अन्याय झाला तो सुमनकाकूवर. केव्हा झाला तेही सांगते, कारण आमच्या गावातले लोक आता 'कधीतरी झालं होतं बुवा' म्हणायला लागले आहेत. गावात पहिल्यांदा झाडून सगळ्या वावरांत बीटी कपाशी लागली त्या वर्षी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, ज्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात त्या दिवशी, दुपारच्या भाकरीनंतर. सुमनकाकू दादाराव पाटलांच्या वावरात निंदायला गेली होती. घरून आणलेलं पाणी संपलं, म्हणून बायांमध्ये तरणी असलेली ही विहिरीवर गेली, पोहऱ्यानं पाणी काढलं आणि तिथंच प्यायली. दोन घोटांनंतर तिनं तोंड वाकडं केलं. पाण्याला वास येतो म्हणाली, पोहरा बांधावर ओतून टाकला आणि बाकीच्या बायांना प्यायला मनाई केली. थोड्या वेळानं तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली आणि ती कपाशीच्या दोन ओळींमधल्या तासात आडवी झाली.

ती वाचली. दवाखान्यातल्यांनी विषबाधा ओळखली आणि तिला ओढून काढलं, त्यांचे उपकार आहेत. पण विष पोटात गेलं कसं, याचा निकाल गावानं लावला. आदल्या दिवशी ती दुसऱ्याच्या वावरात फवाऱ्याला पाणी वाहत होती. तेवढं पुरलं. 'बाई हात न धुता जेवली.' विहिरीचं पाणी तर संध्याकाळी पाटलांचा गडीही प्यायला होता, त्याला काही झालं नव्हतं. पोहरा तिनंच ओतलेला. म्हणजे जिनं बाकीच्या बायांना वाचवलं, तिचंच नाव गबाळी बाई म्हणून गावभर झालं.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडं कामाच्या आठवणी मागितल्या. मला पत्रकं लिहायची सवय. पत्रकात आधी कुणावर अन्याय झाला ते, मग कधी झाला ते, आणि शेवटी मागणी. मधल्या जागेत आठवणी मावतात का ते बघते.

त्या पोळ्याला मी आयटीआयत प्लंबर ट्रेडला होते. वर्गात मी एकटीच मुलगी. मास्तरांनी एक दिवस पितळी वॉल हातात दिला आणि म्हणाले, याला नॉन-रिटर्न म्हणतात, एनआरव्ही म्हणा. आत बिजागरीवर एक झडप असते. पाणी पुढं जाताना ती उघडते, मागं यायला लागलं की बंद होते. पाण्याचं एकेरी दार. मी तो वॉल हातात फिरवत बसले आणि मला सुमनकाकूचं वाक्य आठवलं, 'पाण्याले वास येत होता.' गावात ते कुणी ऐकून घेतलं नव्हतं. मीसुद्धा नुसतं हळहळले होते.

ज्यांना शेतीचं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडं विहीर नाल्याच्या काठाला असते, खाली. वावर चढावर. मोटार पाणी वर ढकलते आणि ते ठिबकच्या नळ्यांतून झाडाच्या बुडाशी जातं. बीटी आली तेव्हा बोंडअळी गेली म्हणून गावात पेढे वाटायचे बाकी होते. मग मावा आला, तुडतुडे आले, बुडाला वाळवी लागली. मग ठिबकमधूनच औषध सोडायची टूम निघाली. विहिरीजवळ एक ड्रम ठेवायचा, त्यात औषध कालवायचं. कंबर बारीक केलेली एक नळी लाइनीत बसवली की ती ड्रममधलं औषध ओढून पाण्यात मिसळते. काम सोपं, मजूर कमी. पण मध्येच लाइट गेली तर? आणि आमच्याकडं लाइट जायचीच. मोटार थांबते, चढावर गेलेलं औषधाचं पाणी उतारानं परत फिरतं आणि थेट विहिरीत येतं. ते अडवायला एकच गोष्ट असते, ती झडप.

आता हेही बघा. लाइट असते तेव्हा बाया मोटारीच्या पाइपाला तोंड लावतात. लाइट गेली की पोहरा सोडतात. म्हणजे विहिरीत विष परत येण्याची जी वेळ, तीच पोहरा टाकण्याची वेळ. सुमनकाकूनंही त्या दुपारी पोहराच सोडला होता, आणि पाटलांच्या विहिरीवरही औषधाचा ड्रम होताच. पुढं लाइट आली, मोटार चालली, नवं पाणी झिरपलं की संध्याकाळी गडी प्यायला तरी त्याला काही होत नाही.

हे मी पत्रकात लिहिलं. मी ज्याची पत्रकं लिहिते त्या आमच्या महिला मंडळानं ते बाजाराच्या दिवशी वाटलं. त्यात 'धिक्कार' हा शब्द फार वेळा होता. शबानानं ते वाचलं. शबाना रोहिणखेडची, तिचे अब्बा मोटारी भरायचे, म्हणजे जळलेल्या मोटारीची तार काढून नवी गुंडाळायचे. ती त्यांच्या हाताखाली शिकली आणि पुढं आयटीआयत दुसऱ्या ट्रेडला येऊन माझी मैत्रीण झाली. पत्रक घडी करून तिनं विचारलं, "वंदे, हे वाचून कोणाचा वॉल बंद होईन काय?"

मी म्हटलं, जागृती होईल.

"जागृती होऊ दे. पान्हा घे अन् चाल."

तिथून आमचं काम सुरू झालं. तिच्या अब्बांची जुनी लूना, मागं हत्याराची पिशवी धरून मी. मंडळाचं ओळखपत्र गळ्यात. वावरोवावरी, मळ्यांत, वस्तीशाळांत, कुणी बोलावलं तर घरांतही वॉल तपासायचे. त्या लूनेचा आवाज मला अजून झोपेत येतो. कपाशी फुलावर असताना धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जायचं, पिवळी फुलं गुडघ्याला लागायची, आणि शबाना मोठ्यानं गाणं म्हणायची, तेही बेसूर. एवढं स्वातंत्र्य मला त्याआधी आणि त्यानंतर कुणी दिलेलं नाही.

तपासणी अशी. आधी मोटार चालू करायची. मग बंद करायची आणि कान द्यायचा. चांगला वॉल बंद होताना 'खट्ट' असा आवाज करतो. आवाज आला नाही तर संशय घ्यायचा. मग वॉलच्या विहिरीकडच्या बाजूला असलेला छोटा कॉक उघडायचा आणि खाली हात धरायचा. थोडं पाणी येतं, मग थेंब, मग थांबतं. थांबलं तर वॉल पास. धार चालूच राहिली तर वरचं पाणी परत येतंय. मग झाकण खोलायचं. आत काय काय सापडायचं. शेवाळाचा गोळा, खडा, एकदा चक्क बेडूक, झडपेत पाय अडकलेला. शबानानं त्याला सोडवून विहिरीत टाकला आणि म्हणाली, हा एकटाच इमानदार, पूर्ण सीझन दार धरून बसला होता.

लोक हसायचे. 'बाई, वॉल पाहता का आमच्यासाठी पोरगी पाहता' असं एकानं विचारलं. शबानानं त्याला पान्हा धरायला दिला, झाकण घट्ट होतं, त्याच्याच्यानं हललं नाही. पुढं आम्ही दिसलो की तो रस्ता बदलायचा.

मेहकरचे एक निवृत्त गुरुजी मला फार आठवतात. त्यांच्या घरी नळाचं पाणी येईना. शेजाऱ्यांना येतं, यांना नाही. नगरपरिषदेला त्यांनी इतक्या शुद्ध मराठीत तक्रारी केल्या होत्या की तिथला कारकून त्या जपून ठेवायचा म्हणे. आम्ही मीटरपाशी गेलो. वॉल होता, पण उलटा. वॉलच्या अंगावर बाण कोरलेला असतो, पाणी कुठं जायचं ते दाखवणारा. यांचा बाण रस्त्याकडं. म्हणजे गुरुजींच्या दारात पाणी यायचं, पण दार बाहेरून लावलेलं.

प्लंबरची चूक म्हणून मी चिडले, तर गुरुजी म्हणाले, "त्याचा दोष नाही. घरावर बाण रोखलेला चालत नाही. आमच्या जावयांनी वास्तू पाहिली, तेव्हा त्यांनीच फिरवून घेतला."

शबाना गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "गुरुजी, तो बाण मारायले नाही. रस्ता दाखवायले आहे."

गुरुजींनी विचार केला. बाण झाकता येईल का म्हणाले. आम्ही वॉल फिरवला, बाणावर शेंदरी रंग मारला आणि पाणी आलं. गुरुजींनी हातपाय धुऊन त्या वॉलला हळदकुंकू लावलं. आम्हाला पोहे दिले. मी त्यांना सांगितलं की हा वॉल तुमच्यासाठी कमी आणि गल्लीसाठी जास्त आहे. नळ गेला की पाइप उलटा ओढतो. तुमच्या टाक्यातलं, बादलीत बुडालेल्या नळीतलं पाणी शेजाऱ्यांच्या हंड्यात जातं. हे ऐकल्यावर ते म्हणाले, मग शेजाऱ्यांनी अर्धे पोहे द्यायला पाहिजे होते.

आणि रोहिणखेडला जुन्या मशिदीच्या पलीकडं एक म्हातारी. शबाना तिला नानी म्हणायची. तिच्या मळ्यात वॉल तपासायचा होता, तर तिनं आधी भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाऊ घातला आणि मग अट घातली, "इसको चुप नको करना, पोट्टी. ये खट्ट करता तो मेरेको मालूम पडता लाइन गई." तिला दिसत कमी होतं. त्या आवाजावर लाइट गेल्याचं ओळखून ती मोटारीचं बटण बंद करायला उठायची. आम्ही आतलं रबर बदललं. तो आवाज आधीपेक्षा ठसठशीत आला. नानी पाइपाला कान लावून बसली आणि मान हलवत राहिली, जशी कुणाची तब्येत बघावी तशी.

असे दिवस. मी हे लिहिते तेव्हा माझ्या तोंडात तो ठेचा येतो. पण आम्ही बेडूक सोडवायला निघालो नव्हतो. सुमनकाकू रोज सकाळी आमच्या दारावरून जायची आणि विचारायची, "पाटलाकडं गेली का व?" मी नाही म्हणायची. ती मान हलवून वावराची वाट धरायची.

तिचं काय झालं होतं ते सांगते. निंदणाऱ्या बाया दुपारी गोल करून बसतात, प्रत्येकीची भाजी प्रत्येकीच्या भाकरीवर जाते. त्या गोलात तिच्या हातची भाजी कुणी घेईना. तोंडावर कुणी काही बोलायचं नाही. नुसतं 'पोट भरलं' म्हणायच्या. मग तिनं डब्यात साबणाची वडी न्यायला सुरुवात केली. जेवायच्या आधी सगळ्यांना दिसेल असं उभं राहून हात धुवायची, कोपरापर्यंत, आणि दोन्ही पंजे पुढं करून वाळवायची. ती मूळची फार हसरी बाई. मी तिला तसं उभं राहिलेलं पाहिलं आणि तिथून वळून दुसरीकडं गेले.

दादाराव पाटील आम्हाला वावरात येऊ देत नव्हते. माणूस वाईट नाही. त्या दिवशी दवाखान्यात न्यायला गाडी त्यांनीच काढली होती, स्वतः चालवत. त्यांच्या विहिरीवर कुणालाही पाणी प्यायला मुभा, त्यांच्या वडिलांपासूनची रीत. म्हणूनच त्यांना विहिरीचा विषय काढलेला सहन व्हायचा नाही. माहा वॉल नवा आहे, कंपनीचा आहे, तुम्ही पोरींनो दुसरीकडं उजेड पाडा, असं ते म्हणायचे. मी पारावर, डेअरीत, लग्नाच्या पंगतीत, दिसतील तिथं त्यांना गाठलं. दुसऱ्या हंगामात ते माझ्यावर वैतागले आणि म्हणाले, "या एकदाच्या. पाहा. अन् मंग तोंड बंद ठेवा."

आम्ही गेलो तेव्हा त्यांच्या वावरात निंदण चालू होतं. शेजारच्या वावरात सुमनकाकू होती. पाटलांकडं ती त्या पोळ्यानंतर कधी गेलीच नव्हती.

शबानानं मोटार चालू केली, बंद केली. खट्ट आला नाही. कॉक उघडला. मी हात धरला. धार चालू राहिली, हात गार पडला तरी चालू राहिली. पाटील म्हणाले, कचरा अडकला असन. झाकण खोललं. कचरा नव्हता. आत सगळं नव्यासारखं स्वच्छ होतं, बिजागरीची भोकं रिकामी होती आणि झडपच नव्हती.

मी पाटलांकडं पाहिलं. त्यांना आश्चर्य वाटलं नव्हतं.

"ठिबक टाकलं त्या उन्हाळ्यातच काढली म्या," ते म्हणाले. "एवढी लांब लाइन. मोटार बंद केली की त्यातलं पाणी पाइपातच राह्यते, उन्हानं तापते, वाया जाते. झडप काढली की विहिरीचं विहिरीले परत मिळते. सगळेच काढतात. घोटाघोटाले महाग आहोत आम्ही, तुले काय सांगू."

खरं होतं. पुढं आम्ही जितके बंद आवाजाचे वॉल खोलले, त्यात कितीतरी वॉलांत हेच निघालं. चोरी नाही, आळस नाही. काटकसर. उन्हाळ्यात पाणी वाचवायला काढलेली झडप पावसाळ्यात परत बसवायचं कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि त्याच पावसाळ्यात ड्रममध्ये औषध पडतं. शहरातल्या माणसाला ही चूक सुचणारसुद्धा नाही. ही पाण्यावर जीव असलेल्या माणसांची चूक आहे. मला राग करायचा होता आणि तो नीट करता येईना, हे मला अजून डाचतं.

पाटलांना पटत नव्हतं. तेवढ्याशा परतीच्या पाण्यानं माणूस पडते काय, असं त्यांचं म्हणणं. आमच्या पिशवीत हळदीची पुडी असायची, यासाठीच. शबानानं ड्रम तीनतीनदा धुवून घेतला, त्यात हळद कालवली, मोटार चालू केली. वरच्या ठिबकच्या तोंडांतून पिवळं पाणी यायला लागल्याचं एका बाईनं ओरडून सांगितलं, तेव्हा मी स्टार्टर पाडला. लाइट जाते तसा. पाइपातून पाणी खाली धावल्याची घरघर आली. तोपर्यंत निंदणाऱ्या बाया विळे हातात घेऊन विहिरीभोवती जमल्या होत्या. एकीनं पोहरा सोडला, वर ओढला आणि खाली ठेवला.

पाणी पिवळं होतं.

एका म्हातारीनं त्यात बोट बुडवलं आणि लुगड्याला पुसलं. पिवळा डाग उमटला. मी मान वर केली तर धुऱ्यावरून सुमनकाकू येत होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती पोहऱ्यापाशी आली, वाकून बघितलं, आणि पाटलांकडं न बघता म्हणाली, "असाच वास नव्हता. पण असंच आलं होतं ते."

पाटील म्हणाले, "आजच्या आज नवी झडप बसवतो."

"झडपेचं नाही इचारलं म्या."

"मंग?"

"माह्या हाताचं इचारलं."

मी आजवर बरीच भाषणं ऐकली, काही केली. इतक्या हळू आवाजात मागणी झालेली मी ऐकली नाही. बाया पाटलांकडं बघत होत्या. त्यांनी एक वाक्य म्हणायचं होतं. तुझे हात स्वच्छ होते, एवढंच. ते म्हणाले, "झालं ते झालं, सुमन. आता पाणी साफ राहीन." आणि मोटारीच्या पेटीकडं वळले.

त्यांनी शब्द पाळला. झडप त्याच दिवशी बसली, शबानानं बसवली, खट्ट आला. एवढंच नाही, पुढं ते दुसऱ्यांनाही सांगायला लागले की उन्हाळ्यात झडप काढू नका, नाहीतर निदान पावसाआधी पोरींना बोलवा. आमचं निम्मं काम त्यांच्या सांगण्यानं झालं. वस्तीवरच्या बाया आज त्या विहिरीचं पाणी निर्धास्त पितात. पण ते वाक्य त्यांनी म्हटलं नाही. बायांनी पिवळं पाणी पाहिलं होतं, तरी पाटील बोलले नाहीत म्हणून त्याही बोलल्या नाहीत. सुमनकाकू अजून डब्यात साबणाची वडी नेते.

शबाना आता जालन्याकडं असते. तिथं तिनं स्वतःचं मोटारीचं दुकान टाकलं, पाटीवर तिचं नाव आहे. कधी फोन आला की ती आधी विचारते, वंदे, कोणाचे वॉल पाहतीस? मी म्हणते, पत्रकं लिहिते. ती म्हणते, हाव, मले वाटलंच. लूना कुणीतरी भंगारात नेली. मंडळ आहे, पण तपासणीला जायला दोघी एकदम मोकळ्या मिळत नाहीत. धुऱ्यावरून जाताना कुठं मोटार थांबली की मी अजूनही पाय थांबवून कान देते. कधी येतो आवाज. कधी येत नाही, मग मी त्या विहिरीच्या मालकाचं घर शोधत जाते.

आता मागणी.

तुमच्या वावराला, मळ्याला, घराच्या नळाला, शाळेच्या टाकीला असा वॉल असेल, किंवा असायला पाहिजे. त्याचं झाकण शेवटचं कुणी खोललं ते आठवा. ज्यानं विकला त्याची ग्वाही चालणार नाही, नवा आहे हेही चालणार नाही. हे काम शिकलेल्या माणसाला बोलवा, वर्षातून एकदा, पावसाआधी. त्यानं कॉक उघडला की खाली तुमचा हात धरा. आणि त्या वेळी ते पाणी जी माणसं पितात त्यांना समोर उभं करा, त्यांना कळू द्या.

आणि झडप नसल्याचं निघालं, आणि त्यापायी तुम्ही कुणाला कधी गबाळा, घाणेरडा, हात न धुणारा म्हटलं असेल, तर नुसती झडप बसवून घरी जाऊ नका.

दादारावकाका, हा अंक तुमच्याकडं दर दिवाळीला येतो, आणि तुम्ही तो पहिल्या पानापासून वाचता हे मला माहीत आहे. सुमनकाकू उद्या कुणाच्या वावरात आहे ते तुम्हाला ठाऊक असेल, नसेल तर मी सांगते. जेवणाच्या वेळी जा. बाया गोल करून बसल्या असतील. सगळ्यांना ऐकू जाईल असं ते वाक्य म्हणा, आणि तिच्या हातची भाजी घेऊन तिथंच खा.